पत्र्यामागे काय चाललंय? शहरातली बांधकामं टिपायची माझी पद्धत

आर्किटेक्टच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं ड्रॉइंगं काढली. साइटच्या पत्र्यांवर ते रंगीत चित्र लागतं ना, संध्याकाळचं आकाश, काचेत उतरलेले ढग, खाली सायकलवरून चाललेली मुलगी, तसली चित्रं तयार करायचं कामही माझ्याकडे असायचं. झाडं आम्ही मनानेच लावायचो. एकदा शेजारची पोपडे उडालेली इमारत क्लायंटला चित्रात नको होती. मी ती पुसली आणि तिथे हिरवळ घातली. इमारत अजून जागेवर आहे. निवृत्तीनंतर शहरात कुठे काय उभं राहतंय हे बघायचा नाद लागला, तेव्हा पहिला नियम त्यामुळे आपोआप ठरला: चित्र बघून वहीत काहीही लिहायचं नाही.

वही साधीच आहे. एका प्लॉटला चार-पाच पानं आणि पानावर तीन रकाने: पाहिलं, वाचलं, ऐकलं. बाकी सगळी पद्धत या तीन रकान्यांची सरमिसळ होऊ न देण्याची आहे. ‘इथे ३० मजली टॉवर होतोय’ हे वाक्य कुठल्या रकान्यात बसतं ते आधी ठरवा. बहुतेक वेळा ते ‘ऐकलं’मध्येच जातं.

सगळं शहर धरायला जाऊ नका. पहिल्या वर्षी मी चाळीस प्लॉट धरले होते आणि तीन महिन्यांत वही माळ्यावर गेली. आता सात आहेत, सगळे माझ्या नेहमीच्या बसच्या रस्त्यावर. वाकडी वाट करून जायला लागलं की खाडे पडतात, आणि खाडे पडले की वहीला अर्थ राहत नाही. रविवारी बहुतेक साइट शांत असतात, म्हणून मी बुधवार धरलाय.

फोटो नेहमी एकाच जागेवरून काढायचा. चौकटीच्या डाव्या कडेला न हलणारं काहीतरी घ्या. माझ्याकडे एका प्लॉटला विजेचा खांब आहे, दुसऱ्याला शेजारच्या इमारतीचा जिना. वर्षभराचे पन्नास फोटो एकामागोमाग सरकवले की तो खांब जागचा हलत नाही आणि त्याच्या शेजारी इमारत वाढताना दिसते. फाइलचं नाव तारखेनेच सुरू करा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोटो आपोआप ओळीत लागतात. प्रकल्पाच्या नावाने फोल्डर करू नका, नावं बदलतात. जगातली सगळ्यात उंच इमारत २००४ पासून बुर्ज दुबई या नावाने बांधली जात होती. ४ जानेवारी २०१० ला उद्घाटनाच्या दिवशी तिची बुर्ज खलिफा झाली. प्लॉटला नंबर असतो, हद्द असते. त्यावरून ओळख ठेवा.

आता बघायचं काय ते सांगतो.

पत्रे लागायच्या कितीतरी आधी हालचाल सुरू होते. मोकळ्या जागेत एके दिवशी तिपाई उभी राहते, बारीक भोक पाडून मातीचे आणि खडकाचे नमुने काढले जातात. लांब लाकडी पेट्यांत दगडाच्या कांड्या ओळीने लावून ठेवलेल्या दिसल्या तर समजा कोणीतरी पायाचा विचार करतंय. रस्त्यावर रंगाच्या फवाऱ्याने बाण आणि आकडे उमटले तर खालच्या पाण्याच्या, विजेच्या लाइनी शोधल्या जातायत. पूल किंवा मेट्रोचं काम असेल तर खांब दिसायच्या आधी कितीतरी महिने या लाइनीच इकडून तिकडे हलवत असतात. लोक म्हणतात नुसतं खणून ठेवलंय. खरं तर काम तेव्हाच सुरू झालेलं असतं.

मग खड्डा. खड्ड्याच्या बाबतीत माझी जी फजिती झाली ती सांगतोच. वहीतल्या तिसऱ्या प्लॉटवर पाइलिंगचं, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल काँक्रीटचे खांब (पाइल) घालायचं, मोठं यंत्र आलं, दीड महिना घुमलं आणि एका बुधवारी निघून गेलं. पुढचे पाच बुधवार काही नाही. सहाव्या बुधवारी खड्ड्याच्या मधोमध काँक्रीटच्या ठोकळ्यांचा मोठा ढीग, नीट रचलेला. मी लिहिलं, ‘काम बंद. उरलेलं सामान टाकून गेले.’ एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक, पण बसच्या रांगेत चार जणांना सांगितलंसुद्धा. आठवड्याने मुद्दाम उतरून पत्र्याच्या फटीतून नीट पाहिलं. ढिगाच्या खाली लोखंडी तुळया होत्या, त्याखाली जॅक, आणि शेजारी छत्री धरून बसलेला एक मुलगा घड्याळासारख्या तबकडीवरचा आकडा बघून कागदावर लिहीत होता. ती पाइलची भारचाचणी होती. ओतलेलं काँक्रीट आधी मुरावं लागतं, त्याची ठरलेली ताकद २८ दिवसांनी मोजतात. मग वर वजन ठेवून पाइल किती मिलिमीटर खचतो ते बघायचं. मी ज्याला बंद म्हणत होतो ते महिनाभर थांबणंच कामाचा भाग होतं. ड्रॉइंगं काढण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे सुचू नये याची अजून लाज वाटते. त्या नोंदीवर मी काट मारली आहे, पुसून टाकलेली नाही. चुकीची नोंद पुसू नका, शेजारी खरी लिहा.

काम खरोखर बंद आहे का, हे कसं ओळखायचं? क्रेनच्या हलण्यावर जाऊ नका. काम संपल्यावर टॉवर क्रेनचा आडवा हात वाऱ्याबरोबर मोकळा फिरू देतात, म्हणजे वादळात क्रेनवर ताण येत नाही. दोन-तीन क्रेन एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतील तर बहुधा त्या वाऱ्यावर सोडलेल्या आहेत. त्यापेक्षा सळ्या बघा. कॉलमच्या डोक्यातून वर आलेल्या सळ्यांना सिमेंटचा हात मारलाय किंवा प्लास्टिक गुंडाळलंय, म्हणजे थांबलेत पण परत यायचा विचार आहे. तांबूस गंज कुठल्याही चालू साइटवर दिसतो, त्याने घाबरू नका. गंजाचे पापुद्रे सुटायला लागले, स्लॅबच्या कडेला रोपटं उगवलं, फाटकाच्या तोंडाशी डंपरच्या चाकांचा चिखल दिसेनासा झाला, तर ‘पाहिलं’च्या रकान्यात प्रश्नचिन्ह घाला. शिकागो स्पायर नावाच्या ६१० मीटर उंचीच्या टॉवरचं काम २००७ ला सुरू झालं आणि २००८ ला थांबलं. मागे उरला पायाचा एक गोल खड्डा, तो पुढे दहाहून जास्त वर्षं तसाच होता. खड्डा झाला म्हणजे इमारत आली असं नाही.

मजल्यांचे स्लॅब ओतले जायला लागले की गंमत सुरू होते, कारण मोजता येतं. राहत्या इमारतीत एका मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ३ मीटर, ऑफिसच्या इमारतीत ४ च्या आसपास. एकदा मजल्यांची लय लागली की दोन स्लॅबमधले दिवस लिहीत जा. पहिले दोन-तीन मजले रखडतात, कारण तिथे पार्किंग, उतार, मोठ्या तुळया असतात. वरचे सारखे मजले भराभर जातात. पोलादी सांगाड्याची गोष्ट आणखी वेगळी, तिथे तुकडे कारखान्यातून तयार होऊन येतात आणि काँक्रीट मुरायची वाट पाहावी लागत नाही. न्यूयॉर्कच्या १०२ मजली एम्पायर स्टेट बिल्डिंगचं काम १७ मार्च १९३० ला सुरू झालं आणि १ मे १९३१ ला उद्घाटन झालं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तेव्हा दोन साइटची तुलना करताना सांगाडा कशाचा आहे ते आधी लिहा.

मजले स्वतः मोजा, जाहिरातीतला आकडा घेऊ नका. काही ठिकाणी १३ वा मजला नावापुरता गाळतात, काही ठिकाणी ४ था. पार्किंगचे मजले कोणी धरतं, कोणी धरत नाही.

वाचायच्या रकान्याकडे वळतो. इथे मी जरा हट्टी आहे. बातमी शेवटी वाचा, आधी कागद. प्रत्येक शहरात नाव वेगळं असतं, पण साखळी साधारण तीच: जमिनीचा वापर ठरवणारा आराखडा, अर्ज, जाहीर सूचना, हरकती, सुनावणी, मंजुरी, काम सुरू करायचा परवाना, आणि शेवटी वापर सुरू करायचा दाखला. यातली सूचना आणि हरकतींची मुदत सगळ्यात महत्त्वाची, कारण तेवढ्या दिवसांतच तुमच्या म्हणण्याला काही किंमत असते. सरकारी कामं निविदांमधून आधी कळतात. सल्लागार नेमायची निविदा आणि बांधकामाची निविदा यांत कित्येक वर्षं जाऊ शकतात, पहिली निघाली म्हणून पेढे वाटू नका. मोठ्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल मिळाला तर सोडू नका. किती माणसं राहणार, किती गाड्या, किती पाणी, किती झाडं जाणार, हे इतकं सविस्तर दुसरीकडे कुठे सापडत नाही.

नकाशा हातात आला की लोक आधी प्लॅन उघडतात. आधी खालचा उजवा कोपरा बघा. तिथल्या चौकटीत तारीख आणि सुधारणेचा क्रमांक असतो. आमच्या ऑफिसात एकाच इमारतीचे नऊ-नऊ सुधारित नकाशे निघायचे आणि बाहेर चर्चा दुसऱ्यावरच चाललेली असायची. मग सेक्शन बघा, म्हणजे इमारत उभी कापली तर कशी दिसेल ते. जमिनीची पातळी, तळघरं किती, खरी उंची किती, सगळं तिथे. प्लॅनमध्ये लपवता येतं. सेक्शनमध्ये लपवणं अवघड जातं. पाडायचं बांधकाम बऱ्याचदा तुटक रेषेत असतं. माझं पुसलेलं शेजारघर नकाशात पक्क्या रेषेतच होतं.

खर्च आणि मुदतीचे आकडे तारखेसकट उतरवा, कारण ते बदलतात आणि जुना आकडा नंतर कोणी सांगत नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा पहिला अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, झाले १० कोटी २० लाख. १९५९ ला पाया घ्यायला सुरुवात झाली तेव्हा त्या छताचं गणितच सुटलेलं नव्हतं. उद्घाटन १९७३ ला झालं.

उपग्रहाची चित्रं मोठ्या जागांना उपयोगी पडतात. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची आहेत, पण आताही त्यातला एक ठिपका जमिनीवर बहुतेक ३० मीटरचा, त्यात एकटी इमारत हरवते. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा आहे आणि चित्र काही दिवसांच्या अंतराने मिळतं. हिरव्याची तपकिरी झालेली जमीन त्यात चटकन डोळ्यात भरते. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं मागे सरकवून बघता येतात. तिथे चित्राची तारीख मात्र वाचा, शेजारशेजारचे तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे असू शकतात.

‘ऐकलं’च्या रकान्याला हसू नका. वॉचमन, समोरचा दुकानदार, डंपरचा ड्रायव्हर, यांना तारखा माहीत नसतात पण वस्तू माहीत असतात. ‘काय होणारे इथे?’ असं विचारलं की ‘मॉल म्हणतात, काका’ असं ठरलेलं उत्तर येतं. त्यापेक्षा ‘रात्री गाड्या किती येतात हो?’ असं विचारा. एका वॉचमनने सांगितलं, ‘काल रात्रभर मिक्सर लागले होते, झोप नाही काका.’ पायाचा जाड राफ्ट, म्हणजे इमारतीखालची काँक्रीटची सलग लादी, एका दमात ओतला गेला, हे मला त्या जांभईतून कळलं. मात्र पत्र्याच्या आत जाऊ नका, ड्रोन उडवू नका आणि कामगारांचे चेहरे फोटोत घेऊ नका.

आता शेवटचा टप्पा, जिथे नवखे वही लवकर मिटतात. काच बसली, रंग झाला, की इमारत झाली असं वाटतं. प्याँगयाँगचं र्‍युग्याँग हॉटेल १९८७ ला सुरू झालं, १९९२ ला पूर्ण उंचीला पोचलं आणि थांबलं. माथ्यावरची क्रेन सोळा वर्षं तशीच होती. २०११ पर्यंत काचाही बसल्या, हॉटेल मात्र सुरू झालं नाही. बर्लिनचा नवा विमानतळ ३ जून २०१२ ला उघडायचा होता. आग लागली तर धूर बाहेर काढायची यंत्रणा नीट चालेना, म्हणून महिनाभरावर आलेलं उद्घाटन रद्द झालं. तो उघडला ३१ ऑक्टोबर २०२० ला.

म्हणून मी दोन गोष्टींची वाट बघतो. इमारतीच्या अंगाला चिकटलेली माणसं-सामान नेणारी बाहेरची लिफ्ट उतरते, आणि तिच्यामागे तळापासून वरपर्यंत राहिलेली उघडी पट्टी बुजते. त्यानंतर बुधवारी रात्री आठला उजेड दिसणाऱ्या खिडक्या मोजायच्या. मोजताना जिन्यातले दिवे सोडायचे, ते पहिल्या दिवसापासून लागतात. भारचाचणीवाल्या त्या तिसऱ्या प्लॉटवर गेल्या बुधवारी अकरा खिडक्यांत उजेड होता, आणि नवव्या मजल्यावर दोरीला चादर.