धान्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला टाकण्याआधी

कडुनिंबाचा पाला किडे मारत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. त्याच्या वासाने आणि कडूपणाने बाहेरचा किडा डब्यात बस्तान मांडत नाही, इतकंच. सोंड्या म्हणजे धान्यातला सोंडेचा किडा; त्याची मादी गव्हाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. दाणा वरून धडधाकट दिसतो आणि मुंबईच्या दमट हवेत महिन्याभरात त्यातून किडा बाहेर येतो. आधी तो आतला मारायचा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस टेकतो, त्याच्या आत गव्हाला गच्चीवर पातळ पसरून दोन-तीन कडकडीत उन्हं द्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. संध्याकाळी पूर्ण गार होऊ दे, मगच डब्यात भरा. गरम धान्य कोंडलं की झाकणाला आतून घाम धरतो. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका, तडकून कणी होते. तो थोडा थोडा पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीइतकी कोमट झाल्याशिवाय सोडू नका. गच्ची नसलेल्यांनी गव्हालाही हेच करावं.

पाला धुऊन सावलीतच वाळवा, हातात चुरा होईपर्यंत. उन्हाने त्यातला कस उतरतो, आणि ओलसर राहिला तर बुरशी धरते. मी मलमलच्या पुरचुंड्या करतो: एक तळाला, एक मध्ये, एक वर. सुटा पाला दळणात गेला की पोळी कडू लागते आणि घरात बोलणी खावी लागतात. वास गेला की पुरचुंड्या बदला.

अख्खे मूग-चवळी यांचा भुंगेरा वेगळा. तो दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी चिकटवतो. त्यांना किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा.

मुंबईच्या दाणाबंदरात, म्हणजे धान्यबाजारात, पेढीवर होतो, तेव्हा ओळखीचे लोक गोदामातल्या गोळ्या मागायचे. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड ते. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि चाळीतल्या पार्टिशनच्या फटीतून शेजारच्या खोलीत झोपलेलं पोरही दगावू शकतं. कुणी पुडीत बांधून फुकट दिल्या तरी घरात आणू नका.

आणि गेल्या वर्षीचा उरलेला गहू नव्यावर ओतू नका. डबा रिकामा करून पत्र्याचे सांधे ब्रशने झाडा. जुनं पीठ तिथेच अडकतं, आणि किडेही.