गेममधली रिक्षा नीट वळवायची कशी?

समजा, रिक्षा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून पंचवटीकडे न्यायची आहे. लक्ष्याच्या जागेतून रिक्षाची जागा वजा करा, की दिशेचा व्हेक्टर, म्हणजे दिशा आणि लांबी सांगणारी एक्स-वायची जोडी, मिळतो. तो नॉर्मलाइझ करून, म्हणजे त्याच्याच लांबीने भागून लांबी १ करून, वेगाने आणि डेल्टा टाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने) गुणा. रिक्षा कळांनी चालवताना नॉर्मलाइझ विसरलात तर उजवी आणि वरची कळ एकत्र दाबताच रिक्षा १.४१ पट पळते. लांबी शून्य असेल तेव्हा मात्र ते टाळा, नाहीतर शून्याने भागाकार होईल.

तोंडाचा कोन एटॅन२ हे फंक्शन देतं: आधी वाय, मग एक्स, उत्तर रेडियनमध्ये; ते अंशांत बदला. चित्र वर तोंड करून काढलेलं असेल तर युनिटी या गेम इंजिनमध्ये ९० अंश वजा करा. गोडो या दुसऱ्या इंजिनच्या टूडीत वाय खाली वाढतो, तिथे मिळवा.

रिक्षा जागच्या जागी गर्रकन फिरली तर खोटी वाटते. सेकंदाला १८० अंशांची मर्यादा घाला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असतील तर दर फ्रेम ३ अंश. खरी गोची इथेच होते: ३५० वरून १० अंशांवर जाताना फरक उणे ३४० येतो आणि रिक्षा उलटी गिरकी घेते. त्यात ३६० मिळवा, फरक २० उरतो. नियम एवढाच, फरक कायम उणे १८० ते १८० मध्ये आणायचा.

थांब्यावर रिक्षा थरथरतेय? उरलेलं अंतर एका फ्रेमच्या पावलापेक्षा कमी झालं की थेट लक्ष्यावर ठेवा.