बेरीज जुळली तरी हिशेब चुकतो: एक्सेल-टॅली शिकताना या चुका टाळा

कोल्हापुरात अकरावी-बारावी कॉमर्सच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायला लागून मला सतरा वर्षं झाली. नवी बॅच लॅबमध्ये बसली की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, "सर, टॅली कवा चालू करायचं?" टॅली म्हणजे दुकाना-ऑफिसांत हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर, त्यामुळं घाई मला समजते. कुणाचा भाऊ गांधीनगरला कापडाच्या दुकानात बिलिंगला असतो, कुणाच्या घरी गुळाची अडत असते, कुणाला बारावी झाल्या झाल्या शिरोली एमआयडीसीत ऑफिसच्या कामाला लागायचं असतं. पण या घाईपायी त्याच त्या चुका दरवर्षी होतात आणि त्या लॅबपुरत्या राहत नाहीत. दोन वर्षांनी त्या कुणाच्या तरी पैशाला जाऊन लागतात, म्हणून हे लिहितोय.

एकच कॉलम सॉर्ट करणं

यापेक्षा घातक चूक मी पाहिलेली नाही. माझा एक विद्यार्थी गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरींना मदत करायचा. हुशार पोरगा, टायपिंगचा वेग वर्गात सगळ्यात जास्त. आपल्याकडं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. संस्थेच्या यादीत, म्हणजे एक्सेलच्या तक्त्यात, दोनशेच्या वर सभासद होते. सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, रक्कम असे कॉलम. सेक्रेटरी म्हणाले, नावं जरा क्रमानं लाव. यानं नावाच्या कॉलमच्या डोक्यावर क्लिक केलं आणि सॉर्ट दाबलं. एक्सेलनं खिडकी उघडून विचारलंसुद्धा की बाजूचे कॉलमही सोबत घ्यायचे का. पहिला पर्याय 'एक्स्पांड द सिलेक्शन', आणि तो आधीच निवडलेला असतो. नुसतं एंटर दाबलं असतं तरी काम बरोबर झालं असतं. पण यानं खालचा 'कंटिन्यू' निवडला. नंतर मला म्हणाला, "कंटिन्यू म्हणजे पुढं चला, असं वाटलं सर."

नावं हलली, लिटर आणि रक्कम जागेवर राहिली. फाईल सेव्ह झाली, बंद झाली. सेक्रेटरींनी एकूण रक्कम दूध संघाकडून आलेल्या रकमेशी ताडून पाहिली, ती पैशापर्यंत जुळली. जुळणारच, कारण रकमांच्या कॉलमला कुणी हातच लावला नव्हता. स्लिपा छापल्या आणि वाटल्या.

चूक सापडली ती एका आजींमुळं. स्लिप घेऊन त्या संस्थेत आल्या आणि म्हणाल्या, "माझी एक म्हैस आटलीया, दुसरीचं सांज-सकाळ मिळून पाच लिटर. नऊ हजार बिल कशाचं आलं?" गप्प राहून पैसे घेतले असते तर कुणाला कळलं नसतं. त्या रात्री संकलनाचं रजिस्टर घेऊन आम्ही तिघं संस्थेत बसलो आणि एकेक नाव हातानं लावलं. त्या पोराच्या आईचंही नाव यादीत होतं. तिच्या दहा दिवसांच्या दुधाचे पैसे दुसऱ्याच घरच्या स्लिपवर गेले होते. ते नाव आलं तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये काही सवयी सक्तीच्या आहेत. कुठलीही यादी करताना आधी अनुक्रमांकाचा कॉलम भरायचा, म्हणजे क्रम कधीही मागं आणता येतो. सॉर्ट करताना कॉलमच्या डोक्याला हात लावायचा नाही. यादीतल्या कुठल्याही एका सेलवर, म्हणजे चौकटीवर, क्लिक करून कंट्रोल-टी दाबायचं, टेबल करायचं, मगच सॉर्ट. मध्ये शोभेसाठी रिकामा कॉलम सोडायचा नाही, कारण यादी तिथंच संपली असं एक्सेल धरतं. आणि सॉर्टच्या आधी कुठल्याही तीन ओळी क्रमांक, नाव, रकमेसह कागदावर लिहून घ्यायच्या, नंतर त्याच तीन तपासायच्या. मुलं म्हणतात वेळ जातो. अर्धा मिनिट जातो, मी घड्याळ लावून पाहिलंय.

खाते क्रमांकाला आकडा समजणं

ज्याची बेरीज कधीच करायची नाही, तो मजकूर समजा. मोबाईल, आधार, बँक खाते, पिन कोड, हजेरी क्रमांक हे सगळं त्यात आलं. खाते क्रमांक शून्यानं सुरू होत असेल तर एक्सेल ते शून्य खातं. बारा आकडी आधार टाकला की सेलमध्ये मध्येच ई आणि अधिकचं चिन्ह दिसायला लागतं. आणि एक्सेल पंधराच अंक धरतं, त्यामुळं सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. नंतर फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. टाईप करायच्या आधीच तो कॉलम टेक्स्ट करून ठेवा.

याचीच उलटी चूक म्हणजे रकमेच्या सेलमध्ये '500 रु.' किंवा '500/-' लिहिणं आणि मग बेरीज का येत नाही म्हणून मला हाका मारणं. आकडा उजवीकडं चिकटलाय की डावीकडं, एवढं बघायला शिका. अलाइनमेंटला हात लावला नसेल तर आकडा उजवीकडं बसतो, मजकूर डावीकडं.

तारखांनाही हीच नजर लावा. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर 5/4 म्हणजे पाच एप्रिल नव्हे, चार मे होते आणि 13/4 नुसता मजकूर होऊन डावीकडं जाऊन बसतो. मी तर महिना अक्षरांतच लिहायला लावतो.

डी ड्राईव्हला बॅकअप म्हणणं

2019 च्या ऑगस्टमधला महापूर इथं कुणी विसरलेलं नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याला 43 फूट धरतात, त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी शहरातल्या एका दुकानात हिशेब बघायची. रोज संध्याकाळी न चुकता टॅलीचा बॅकअप, म्हणजे हिशेबाची जादा प्रत, घ्यायची आणि तो डी ड्राईव्हला ठेवायची. त्या कॉम्प्युटरवर सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटर चार दिवस पाण्यात होता. पुढं उधारी वसूल करताना मालकांना गिऱ्हाइकांकडच्या बिलांच्या प्रती मागत फिरावं लागलं.

आता पहिल्याच आठवड्यात मी एक जुना कॉम्प्युटर उघडतो, आतली डिस्क मुलांच्या हातात देतो आणि सांगतो, सी पण यातच, डी पण यातच. बॅकअप दुसऱ्या इमारतीत किंवा ऑनलाइन हवा, आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

बाकी थोडक्यात

फाईलला 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल 2' अशी नावं देऊ नका. 2024-07-15 अशी वर्षापासून तारीख आधी लिहा, फायली आपोआप क्रमानं लागतात.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात 27 नं, पुढची दहा अक्षरं पॅनची. ओ आणि शून्य नीट बघा.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाईप करा. जुन्या फॉन्टमधली यादी दुसऱ्या मशीनवर नुसती चिन्हं होऊन उघडते.

दुसऱ्याचं आधार कार्ड लॅबच्या डाउनलोड फोल्डरमध्ये सोडून जाऊ नका. प्रिंट झाली की लगेच डिलीट करा आणि रीसायकल बिनही रिकामा करा.

आणि ते टॅली

एफ-5 पेमेंट, एफ-6 रिसीट, हे मुलं व्हिडिओ बघून दोन दिवसांत पाठ करतात. मग मी विचारतो, गल्ल्यातले वीस हजार बँकेत भरले, कुठलं व्हाउचर, म्हणजे कुठल्या प्रकारची नोंद? निम्मा वर्ग पेमेंट म्हणतो, कारण पैसे हातातून गेले. पैसे धंद्यातच आहेत, फक्त गल्ल्यातून बँकेत गेले, म्हणून ते एफ-4, काँट्रा. किल्ली पाठ असून हे सुटत नाही. त्यासाठी जमा-नावे, म्हणजे क्रेडिट-डेबिट, कळावं लागतं. 'सात दिवसांत टॅली' असे क्लास मला पटत नाहीत ते याचसाठी. तिथून आलेल्या मुलांना चुकीची एंट्री वेगानं करता येते, एवढंच.

म्हणून माझ्याकडं पहिला महिना टॅली उघडतच नाही. ओळखीच्या एखाद्या किराणा दुकानात किंवा मिसळीच्या गाड्यावर एक दिवस बसायचं, जे आलं-गेलं ते वहीत लिहायचं आणि रात्री गल्ला मोजून वहीशी ताडायचा. गेल्या वर्षी एका मुलीचे चाळीस रुपये जुळत नव्हते. दुसऱ्या दिवशी ती परत त्या गाड्यावर गेली, तेव्हा कळलं की पावाच्या दोन लाद्यांचे पैसे मालकांनी खिशातून दिले होते. तिनं वहीत ती ओळ घातली, खाली रेघ मारली आणि मला दाखवायला आणली. त्याच दिवशी मी तिला टॅली उघडून दिलं.