ल्युपसमध्ये केस गळायला लागले तर

मला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. आजार उसळला की साधारण दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, त्यामुळे कारण नव्या शाम्पूत शोधू नका, मागच्या आजारपणात शोधा. गळालेला केस उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसला तर तो मुळापासून आलाय. आजार आटोक्यात आला की असे केस बहुतेक वेळा परत येतात.

घाई करायची ती वेगळ्याच गोष्टीची. घरातल्या कुणाला तरी भांग पाडत पाडत सगळी टाळू बघायला सांगा. लालसर, खपली धरलेला किंवा गुळगुळीत चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. तिथे व्रण झाला तर केस पुन्हा उगवत नाहीत.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगाच, नाहीतर थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. आणि केसांपायी ल्युपसचं स्टेरॉईड औषध मनाने बंद करू नका, कृपा करून.

मी घट्ट वेणी सोडली, मोठ्या दातांचा कंगवा घेतला. उन्हात डोक्यावर सुती ओढणी असतेच. आई मायेने तेल लावते, पण चट्ट्यावर चोळू देत नाही.