निवेदनाखाली संगीत कसे ठेवावे

निवेदन असलेल्या व्हिडिओत संगीताची निवड अगदी शेवटी करावी. आधी निवेदन ध्वनिमुद्रित करून त्यातील चुका आणि लांबलेले श्वास काढून टाकावेत, म्हणजे संगीताला नेमकी किती जागा उरली आहे ते कळते. नागपुरात उन्हाळ्यात हे ध्वनिमुद्रण कूलर बंद करून, शक्यतो पहाटेच उरकावे. कूलरची घरघर संगीताने झाकली जाईल ही आशा फोल ठरते, कारण घरघर तशीच राहते आणि शब्द मात्र दोन्हींखाली दबतात.

समजा, नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्याविषयी पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. विषय तिथे झालेल्या लढाईचा असल्यामुळे नगारे वाजवण्याचा मोह होतो. परंतु लढाईची ‘२६ नोव्हेंबर १८१७’ ही तारीख किंवा नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांचे नाव जो पहिल्यांदाच ऐकतो आहे, त्याला त्यातील प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू यायला हवे. व्यंजने ओळखू येण्यासाठी लागणारा ध्वनी मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि झांजा किंवा द्रुत तबला नेमका तिथेच आडवा येतो. शब्द असलेले गाणे निवेदनाखाली मुळीच घेऊ नये. सारंगीही मी टाळतो, कारण तिचा सूर माणसाच्या गळ्याच्या इतका जवळ जातो की ऐकणाऱ्याचे लक्ष दोन वक्त्यांमध्ये विभागल्यासारखे होते. तानपुरा किंवा संथ, खालच्या पट्टीतील तंतुवाद्ये अधिक सोयीची ठरतात. तरीही अडचण वाटल्यास इक्वलायझरने, म्हणजे ध्वनीचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, संगीतातील तो पट्टा तीन-चार डेसिबलने उतरवावा.

संगीत निवेदनापेक्षा किमान २० डेसिबल खाली असावे, असे वेब-सुलभतेची, म्हणजे संकेतस्थळे दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीची, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कानाला ते साधारण चौपट हळू भासते. सुरुवातीला चार-पाच सेकंद संगीत मोकळे वाजू द्यावे आणि पहिल्या शब्दाच्या किंचित आधी ते उतरवावे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम ‘ऑटो डक’ करते, मात्र त्यासाठी निवेदनाचा ट्रॅक संगीताच्या ट्रॅकच्या लगेच खाली असावा लागतो. वाक्यावाक्यातील छोट्या विरामांत संगीत वर उसळू लागले, तर ऐकणाऱ्याला हेलकावे बसतात. म्हणून ‘ऑटो डक’मधील विरामाची मर्यादा वाढवून ठेवावी. तारखा, आकडे आणि विषयाचा गाभा असलेले वाक्य येते तेथे संगीत पूर्ण थांबवले, तरी काही बिघडत नाही.

हक्कांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राग कोणाच्या मालकीचा नसतो, पण त्याचे ध्वनिमुद्रण असते. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतात, तर रचनेचे हक्क रचनाकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षे. दुसऱ्याच्या संगीताचे ‘दहा सेकंद परवानगीशिवाय चालतात’ ही केवळ ऐकीव समजूत आहे. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतील संगीत विनामूल्य वापरता येते, परंतु काही तुकड्यांसाठी कलाकाराचा उल्लेख व्हिडिओच्या वर्णनात करणे बंधनकारक असते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीचे माझे चित्रण मी पूर्णपणे स्वतःचे समजत होतो. मागे डीजेवर एक चित्रपटगीत वाजत होते आणि त्यावर हक्काचा दावा आला. तेव्हापासून अशा ठिकाणी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही लोकांची आरोळी मी डीजेपासून दूर जाऊन वेगळी टिपतो. खरे तर अशा व्हिडिओला त्याहून चांगले पार्श्वसंगीत मिळणारही नाही.

व्हिडिओ चढवण्यापूर्वी तो हेडफोनवर एकदा आणि मोबाइलच्या स्पीकरवर एकदा ऐकावा. ध्वनिमुद्रणासाठी बंद केलेला कूलर या दुसऱ्या वेळी मुद्दाम सुरू ठेवावा, कारण प्रेक्षकही बहुधा तसाच ऐकणार आहे. निवेदन स्वतः लिहिलेले असल्याने आपल्याला ते पाठ असते, म्हणून हे ऐकण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणाला तरी द्यावे, आणि एकही शब्द पुन्हा विचारावा लागला, तर संगीत आणखी दोन डेसिबल खाली आणावे.