स्टीलहेड किनाऱ्यावरून: फ्लोटची खोली चुकली की सगळं चुकलं

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन थोराड झालेला रेनबो ट्राउट मासा. अंडी घालायला तो पुन्हा नदीत चढतो. सिॲटल-पोर्टलंडकडे राहणारी आपली मंडळी हिवाळ्यात गळ घेऊन त्याच्या मागे लागतात, आणि पहिल्या महिन्यातच दुकानात भरपूर पैसे घालवून बसतात. इतकं सामान लागत नाही.

साडेआठ ते साडेनऊ फुटांचा, 8 ते 12 पाउंडांच्या दोरीसाठीचा रॉड घ्या. आखूड रॉडने दोरी पाण्यावरून उचलता येत नाही. 3000 किंवा 4000 नंबरचं स्पिनिंग रील, त्यावर 30 पाउंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. ब्रेडच का, तर ती पाण्यावर तरंगते. दोन-अडीच फुटांचा 10 पाउंडी फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा दोरीचा शेवटचा तुकडा), 3/8 औंसाचा सरकता फ्लोट (तरंगणारं बोंडूक), पाव औंसाचं शिसं आणि 1/8 औंसाचा जिग (वजनदार डोक्याचा, आमिषासारखा सजवलेला गळ). गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. वेडर्सवर (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) कमरेचा पट्टा हवाच; पाय घसरला तर वेडर्समध्ये भराभर पाणी शिरू न देणारा तोच. लायसन्स, कॅच रेकॉर्ड कार्ड (ठेवलेला मासा नोंदवायचं कार्ड) आणि त्या नदीचे त्या दिवशीचे नियम घरून निघण्यापूर्वी बघा. वॉशिंग्टन राज्यात नदी मासेमारीला मोसमाच्या मध्येच बंद होऊ शकते.

ब्रेडवर आधी स्टॉपर (दोरीवर सरकवता येणारी गाठ; फ्लोट तिथे अडतो, म्हणून जिग किती खोल जाईल ते तीच ठरवते), मग मणी, फ्लोट, पुन्हा मणी, शिसं, स्विवेल (फिरती कडी), लीडर आणि शेवटी जिग.

जागा: माणसाच्या चालीने वाहणारं, चार ते आठ फूट खोल, हिरवट पाणी; वेगवान आणि संथ धारेची शीव. लांब फेकायच्या नादी लागू नका. नदी चढलेली असली की मासा काठाला येतो, आणि लोक नेमके तिथेच मांडीभर पाण्यात जाऊन उभे राहतात. आधी काठालगतचं पाणी गळाखालून काढा, मग पाय भिजवा.

आता खरं काम. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि "फ्लोट बुडला की ओढा" एवढंच सांगणाऱ्यांनी त्यात भरच घातली. थंड पाण्यातला स्टीलहेड आमिषामागे धावत नाही. जिग त्याच्या तोंडासमोरून, तळापासून फूटभर वर, तळाच्या पाण्याच्याच वेगाने जायला हवा. अडचण अशी की वरचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं. फ्लोट वरच्या पाण्याबरोबर पळतो, जिग ओढला जातो, वर उचलला जातो आणि माशाच्या डोक्यावरून निघून जातो.

म्हणून आधी खोली. कमी खोलीपासून सुरुवात करा आणि दर फेकीला स्टॉपर सहा इंच वर सरकवा. फ्लोटचं टोक वाहत्या दिशेला झुकलं आणि तो अडखळायला लागला, की खालचं वजन तळाला घासतंय. आता स्टॉपर थोडा खाली घ्या, खोली जमली. दहा पावलं पुढे गेलात की हे सगळं पुन्हा करायचं, कारण तळ बदललेला असतो. सकाळी एकदा खोली लावून दिवसभर तीच ठेवणाऱ्याला मासा का लागत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

मग दोरी. फ्लोट पडल्या पडल्या रॉडचं टोक उंच करा आणि पाण्यावरची दोरी हलकेच उचलून वरच्या अंगाला टाका. दोरीचा पोट फुगलेला वळसा फ्लोटच्या पुढे गेला की फ्लोट ओढलाच जाणार. फ्लोट वाहत खालच्या अंगाला जाईपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं, पण फ्लोटला हिसका न देता. फ्लोटचं टोक तुमच्याकडे, म्हणजे वरच्या अंगाला कललं तर तुम्ही दोरी अडवून धरली आहे; थोडी सोडा.

फ्लोट थांबला, बुडाला, नुसता थबकला तरी आधी ढिली दोरी गुंडाळा आणि मगच रॉड उचला. ढिल्या दोरीवर कितीही जोरात हिसका मारा, गळ रुतत नाही.

मासा उथळात आला की पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर बघा. तो शाबूत असेल तर मासा रानटी आहे: त्याला पाण्याबाहेर पूर्ण काढायचं नाही, फोटोसाठीही नाही. प्युजेट साउंडचा (सिॲटलजवळची खाडी) स्टीलहेड 2007 पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. हात ओले करा, पक्कडीने गळ काढा, तोंड धारेकडे करून धरा आणि तो स्वतःहून सुटेपर्यंत थांबा. पर कापलेला आणि जखम भरलेली असेल तर तो हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला. नियम ठेवू देत असतील तर ठेवा आणि कार्डावर लगेच, तिथेच नोंदवा.