लोन फिटलं तरी आरसीवर बोजा, ट्रान्सफर अडकली : असं सुटलं

एमएच-03 ची सेकंड हँड बाईक घेतली, पण मूळ मालक काकांचं लोन कधीच फिटलेलं असूनही आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा (लोनची नोंद) तसाच, त्यामुळे ट्रान्सफर होईना. आधी काकांकडची जुनी एनओसी (फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र) जोडली, मुदत संपलेली म्हणून परत आली. मग एजंटला विचारलं, त्याने 4500 सांगितले. दोन महिने नुसते हेलपाटे झाले, जाम वैताग आला.

शेवटी जे चाललं ते याच क्रमाने करा. आधी काकांनी फायनान्स कंपनीकडून नवी एनओसी आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा फॉर्म) च्या दोन प्रती घेतल्या, दोन्हींवर सही-शिक्का हवा, आमच्या एका प्रतीवर शिक्का राहिला होता तो तिथल्या तिथे मारून घेतला. मग परिवहनच्या साईटवर काकांच्या नावाने बोजा उतरवायचा अर्ज. तो मंजूर होऊन आरसीवरून फायनान्सरचं नाव गेलं की मगच ट्रान्सफर, आधी नको. ट्रान्सफरला फॉर्म 29 दोन प्रती आणि फॉर्म 30 (दोन्ही मालक बदलायचे फॉर्म), चालू इन्शुरन्स, पीयूसी. चेसिस नंबरचा ठसा घरीच काढा, नंबरवर कागद दाबून पेन्सिल आडवी घासायची, आधी तिथलं ग्रीस पुसा नाहीतर आकडे उठत नाहीत. जुने चलान भरून टाका.

ट्रान्सफरची सरकारी फी 150, स्मार्ट कार्डचे 200. वन टाइम टॅक्स आधीच भरलेला, गाडी महाराष्ट्रातच, म्हणून तो परत नाही लागला.